दोन पेन्सिल सेलवर चालणारं जाळं बिघाड कसा सोसतं

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यापासून काही मैल आत समुद्रात ग्रेट डक नावाचं एक छोटं बेट आहे. स्टॉर्म पेट्रेल जातीचे समुद्रपक्षी तिथे जमिनीत बिळं करून अंडी घालतात. विणीच्या काळात माणसांची ये-जा वाढली तर पक्षी बीळ सोडून जाण्याची भीती असते, त्यामुळे त्यांचा अभ्यास लांबूनच करावा लागतो. २००२ च्या उन्हाळ्यात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आणि इंटेलमधल्या संशोधकांनी, मेनमधल्याच कॉलेज ऑफ द अटलांटिकच्या सोबतीने, त्या बिळांमध्ये आणि आसपास ३२ छोटी यंत्रं बसवली. दोन पेन्सिल सेल, एक साधा प्रोसेसर, ४ किलोबाइट मेमरी, कमी ताकदीचा रेडिओ आणि तापमान, आर्द्रता, प्रकाश, हवेचा दाब असं मोजणारे सेन्सर, एवढाच एकेका यंत्राचा संसार. मोजायचं, रेडिओवरून पुढे पाठवायचं आणि बाकीचा सगळा वेळ झोपायचं.

त्या मोसमात बरीच यंत्रं बंद पडली. नंतर नोंदी तपासताना एक फार उपयोगी गोष्ट हाती लागली. आर्द्रतेचा सेन्सर अशक्य आकडे देऊ लागला, म्हणजे १०० टक्क्यांच्या बराच वर किंवा शून्याच्याही खाली, की ते यंत्र लवकरच बंद पडण्याची शक्यता खूप वाढत होती. कवचातून ओल आत शिरली की आधी सेन्सर वेडेवाकडे आकडे द्यायचा आणि मग सर्किट जायचं. हवेतल्या आर्द्रतेबद्दल त्या आकड्यांतून काही कळत नव्हतं, पण यंत्राच्या तब्येतीबद्दल पुष्कळ कळत होतं. आणि त्यासाठी बॅटरीतून एक थेंबही जास्त वीज खर्च झाली नव्हती.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काही भाग बिघडले तरी यंत्रणेने काम चालू ठेवावं, या गुणाला इंजिनियर मंडळी फॉल्ट टॉलरन्स म्हणतात. विमानात, बँकेच्या सर्व्हरमध्ये, रेल्वेच्या सिग्नलमध्ये तो असतोच. पण सेलवर चालणाऱ्या शेकडो छोट्या यंत्रांच्या जाळ्यात त्याचं गणित वेगळं होतं, कारण बिघाडावरचा प्रत्येक इलाज बॅटरी खातो. इलाज जपून वापरला नाही तर बिघाडाच्या आधी इलाजच जाळं बंद पाडतो. अशी जाळी प्रत्यक्षात कशी कोसळली याच्या कहाण्या वाचल्या की आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसते. एखाद-दुसरं यंत्र मेल्याने फारसं बिघडत नाही. सगळ्यांना एकाच वेळी लागू होणारी चूक जाळ्याला संपवते. आपण मात्र बहुतेक मेहनत पहिल्या भीतीवर खर्च करतो.

ऐकणंसुद्धा फुकट नाही

आधी विजेचा हिशेब. टीमोट स्काय नावाचं यंत्र या क्षेत्रातल्या पुष्कळ प्रयोगांत वापरलं गेलं. त्याचा रेडिओ चालू असताना साधारण २० मिलिअँपिअर वीज ओढतो. प्रोसेसर जागा असला तर २ मिलिअँपिअरच्या आसपास आणि सगळं झोपलेलं असताना काही मायक्रोअँपिअर, म्हणजे रेडिओच्या काही हजाराव्या भागाइतकी. चांगल्या पेन्सिल सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास धरू. रेडिओ सतत चालू ठेवला तर २५०० भागिले २०, म्हणजे १२५ तास. पाच दिवसांत खेळ खलास.

आता रेडिओ फक्त एक टक्का वेळ चालू ठेवा. सरासरी ओढ ०.२ मिलिअँपिअरवर येते आणि तेच सेल १२,५०० तास चालतात, म्हणजे जवळजवळ सतरा महिने. व्यवहारात सेल आपोआपही थोडे उतरतात, थंडीत कमी देतात, त्यामुळे वर्षभर मिळालं तरी चांगलंच. मुद्दा एवढाच, की यंत्राचं आयुष्य ते किती वेळ गप्प झोपतं यावर ठरतं.

इथे नवख्यांना धक्का देणारी एक बाब आहे. या रेडिओला संदेश पाठवायला जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच नुसतं कान देऊन बसायला लागते. किंबहुना या यंत्राच्या रेडिओला ऐकताना थोडी जास्तच लागते. शेजारी काही बोलतोय का, हे बघत बसणं म्हणजे बॅटरी सांडत बसणं.

एक टक्का वेळ म्हणजे तासाला ३६ सेकंद. मोजलेले आकडे पाठवणं, शेजाऱ्यांचे आकडे पुढे ढकलणं, घड्याळं जुळवणं, कोण जिवंत आहे ते पाहणं, हरवलेला संदेश पुन्हा मागणं, हे सगळं त्या ३६ सेकंदांत बसवायचं. डेटा सेंटरमध्ये एका फाइलच्या तीन प्रती ठेवतात, दर सेकंदाला एकमेकांची विचारपूस करतात, वीज गेली तर डिझेल जनरेटर सुरू होतो आणि रात्री तीन वाजता उठून येणारा माणूसही असतो. यातलं काहीही डोंगरावरच्या डबीला परवडत नाही.

संदेश हरवला तर पुन्हा कोणी पाठवायचा?

या यंत्रांच्या रेडिओचा पल्ला छोटा असतो, म्हणून संदेश एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा टप्प्याटप्प्याने गेटवेपर्यंत जातो. गेटवे म्हणजे जाळ्याला बाहेरच्या जगाशी, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी किंवा उपग्रहाशी जोडणारं मोठं यंत्र.

समजा प्रत्येक टप्प्यावर संदेश पोचण्याची शक्यता ९० टक्के आहे. ऐकायला बरं वाटतं. पण असे दहा टप्पे असतील तर सगळे पार करण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे ३५ टक्के. तीनातले दोन संदेश वाटेतच जातात, आणि एकही यंत्र बिघडलेलं नसताना.

यावर दोन प्रकारे इलाज करता येतो. पहिला, पोच आली नाही की मूळ यंत्राने संदेश पहिल्यापासून पुन्हा पाठवायचा. गणित केलं तर एक संदेश पोचवायला सरासरी १९ च्या आसपास प्रक्षेपणं लागतात, कारण सातव्या टप्प्यावर संदेश गळाला तर आधीच्या सहा टप्प्यांची वीज वाया जाते. शिवाय उलटी येणारी पोचसुद्धा त्याच दहा टप्प्यांतून यायची. दुसरा इलाज, प्रत्येक टप्प्यावर शेजाऱ्याने तिथल्या तिथे पोच द्यायची आणि ती आली नाही तर तेवढाच टप्पा पुन्हा करायचा. प्रत्येक टप्प्याला तीन प्रयत्नांची मुभा दिली तर एका टप्प्याचं यश ९९.९ टक्के आणि दहा टप्प्यांचं ९९ टक्के होतं. त्यासाठी संदेशाची सरासरी फक्त ११ प्रक्षेपणं लागतात, सोबत छोट्या पोचा.

चूक जिथे होते तिथेच ती निस्तरणं इथे जवळजवळ निम्म्या विजेत होतं. म्हणून जवळजवळ सगळी गंभीर जाळी टप्प्यावरची पोच वापरतात आणि शेवटच्या टोकाची पोच अगदी महत्त्वाच्या संदेशांपुरती राखून ठेवतात. जमिनीतला ओलावा दर पंधरा मिनिटांनी मोजत असाल तर शंभरातला एक आकडा गेला म्हणून काही अडत नाही. तो शंभरावा आकडा मिळवायला बॅटरी जाळणं हा अपव्यय आहे. कोणतं नुकसान सोसायचं हे आधी ठरवणं हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि तो निर्णय शेतकरी, भूगर्भतज्ज्ञ, पक्षितज्ज्ञ अशा आकडे वापरणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय घेता येत नाही.

टप्प्यांच्या रचनेतून आणखी एक अडचण निघते. गेटवेच्या जवळची यंत्रं सगळ्या जाळ्याचं ओझं वाहतात, म्हणून त्यांचे सेल आधी संपतात. मग लांबच्या यंत्रांत भरपूर वीज शिल्लक असूनही त्यांचा आवाज बाहेर येत नाही. एमआयटीच्या संशोधकांनी २००० साली लीच नावाची पद्धत मांडली, तिच्यात पुढारपण पाळीपाळीने फिरतं. ठरावीक काळ एक यंत्र आसपासच्यांचे आकडे गोळा करून, त्यांचा गोषवारा काढून पुढे पाठवतं आणि मग ती जबाबदारी दुसऱ्यावर जाते. कल्पना छान आहे, पण तिच्या मूळ रूपात प्रत्येक यंत्राचा आवाज थेट तळापर्यंत, म्हणजे सगळे आकडे जिथे गोळा होतात त्या मुख्य ठिकाणापर्यंत, पोचतो असं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्ष जमिनीवर तसं नसतं. गेटवेच्या आसपास पाच-सहा जास्तीची यंत्रं किंवा मोठे सेल ठेवणं हा साधा उपाय कितीतरी ठिकाणी पुरतो.

गप्प, मेलेलं आणि खोटं बोलणारं

शेजारचं यंत्र गप्प आहे. ते मेलं, की झोपलंय? की मधे पाऊस पडतोय म्हणून ऐकू येत नाही? की त्याचं घड्याळ भरकटलंय आणि आपण झोपतो तेव्हा ते बोलतं? बाहेरून या चारही अवस्था सारख्याच दिसतात. सतत जागं असणाऱ्या संगणकांच्या जगात दोन-चार सेकंद उत्तर आलं नाही की तो मेला असं मानता येतं. इथे झोप हीच नेहमीची अवस्था असल्यामुळे मौनाचा अर्थ लावणं सगळ्यांत कठीण.

वारंवार ‘आहेस का?’ विचारत राहणं परवडत नाही. त्यावर ट्रिकल नावाची एक फार सुंदर पद्धत आहे. ती २००४ मध्ये मांडली गेली आणि पुढे अशा जाळ्यांसाठीच्या आरपीएल या प्रमाणित मार्गपद्धतीत घेतली गेली. ग्रामसभेत आपलं म्हणणं आधीच्या माणसाने मांडलं असेल तर शहाणा माणूस उठून तेच पुन्हा सांगत नाही, तसं इथे यंत्र बोलण्याआधी थोडं ऐकतं. आपल्याकडे जी माहिती आहे तीच दोन-तीन शेजाऱ्यांनी सांगितली असेल तर ते गप्प राहतं. सगळं जुळत असेल तर पुढच्या वेळेपर्यंतचं अंतर दुप्पट करतं, मग पुन्हा दुप्पट, एका ठरलेल्या मर्यादेपर्यंत. कुठे विसंगती दिसली की अंतर झटक्यात कमी करून बोलायला लागतं. सगळं आलबेल असताना खर्च जवळजवळ नाही, आणि गडबड झाली की बातमी पटकन पसरते.

याहून स्वस्त म्हणजे वेगळी विचारपूस न करता रोजच्या संदेशातच दोन गोष्टी जोडणं, संदेशाचा अनुक्रमांक आणि सेलचा व्होल्टेज. अनुक्रमांकात खंड पडला तर किती संदेश गळाले ते कळतं. अनुक्रमांक अचानक शून्यावर आला तर यंत्र रिसेट झालं हे कळतं. व्होल्टेज उतरताना दिसला तर कोणतं यंत्र कधी जाणार याचा अंदाज येतो. तीन-चार बाइटमध्ये एवढी माहिती मिळत असताना कित्येक जाळ्यांत ती पाठवलीच जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

मेलेल्या यंत्रापेक्षा वाईट म्हणजे जिवंत राहून चुकीचं सांगणारं. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर अर्डुइनो या शिकाऊंच्या आवडत्या इलेक्ट्रॉनिक बोर्डवर हात बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. वीज मिळाल्यावर त्याच्या स्मृतीत सुरुवातीला ८५ अंश सेल्सिअस हा आकडा असतो. मोजणी पूर्ण होण्याआधी, किंवा वीज क्षणभर कमी पडून तो पुन्हा सुरू झाल्यावर वाचला, तर तो प्रामाणिकपणे ८५ सांगतो. बांधावरच्या पाच सेन्सरनी ३१.२, ३१.४, ३१.१, ३१.३ आणि ८५ असे आकडे दिले तर त्यांची सरासरी बरोबर ४२ येते. चार जण खरं सांगत असताना एका आकड्याने सगळं शेत उन्हाच्या लाटेत ढकललं. तेच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलला तर ३१.३. पाचातले दोन आकडे पूर्ण भलते असले तरी मधला आकडा खऱ्या आकड्यांच्या आवाक्यातच राहतो. हे करायला प्रोसेसरला काही मिलिसेकंद पुरतात, रेडिओ लागत नाही. ८५ हा सेन्सरचा ठरलेला आकडा आहे हे माहीत असेल तर तो तिथेच टाकून पुन्हा मोजता येतं, तो भाग वेगळा.

पण मधल्या आकड्याची युक्ती तेव्हाच चालते जेव्हा पाचही सेन्सर वेगवेगळ्या कारणांनी चुकतात. पाचही एकाच खोक्यातून आलेले, एकाच चुकीने बसवलेले, एकाच ओलीत भिजलेले असतील तर बहुमत चुकीच्या बाजूनेच पडेल.

बटाट्याचं शेत आणि ज्वालामुखी

२००५ मध्ये नेदरलँड्समधल्या एका बटाट्याच्या शेतात डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी मोठं जाळं बसवलं. बटाट्यावरचा करपा ओल आणि तापमान जुळून आलं की झपाट्याने पसरतो. मंचर-खेड भागातल्या बटाटा उत्पादकांना हे वेगळं सांगायला नको. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये लाखो माणसं उपासमारीने गेली त्या दुष्काळामागे हाच करपा होता. पानांच्या दाटीतल्या हवेची आर्द्रता जागोजागी मोजली तर औषध लागेल तिथेच फवारता येईल, असा विचार होता. प्रत्यक्षात अपेक्षित आकड्यांपैकी जेमतेम २ टक्के हाती आले.

बटाट्याची पानं रेडिओ लहरी शोषतात वगैरे निसर्गाच्या अडचणी होत्याच, पण मोठी पडझड सॉफ्टवेअरमुळे झाली. कोडच्या दोन भागांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळत नव्हत्या, त्यामुळे संदेशांचे मार्ग नीट बनेनात. त्याहून वाईट म्हणजे यंत्रांना लांबूनच नवं सॉफ्टवेअर देण्याची सोय होती आणि तीच बॅटरीवर उलटली. यंत्रं एकमेकांना कोड देत-घेत राहिली आणि काही दिवसांतच सेल रिकामे झाले. दुरुस्ती करता यावी म्हणून ठेवलेल्या सोयीने दुरुस्त करायला काही शिल्लक ठेवलं नाही. या संशोधकांनी आपलं अपयश तपशीलवार छापलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. यशस्वी प्रयोगांच्या ढीगभर निबंधांपेक्षा त्या काही पानांनी पुढच्यांचे जास्त सेल वाचवले असतील.

त्याच वर्षी, २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, हार्वर्डच्या गटाने इक्वाडोरमधल्या रेव्हेंतादोर या जिवंत ज्वालामुखीवर १६ यंत्रांचं जाळं १९ दिवस चालवलं. प्रत्येक यंत्र जमिनीची थरथर आणि हवेतला आवाज सेकंदाला १०० वेळा मोजत होतं. एवढं सगळं रेडिओवरून पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक यंत्र शेवटच्या वीसेक मिनिटांची नोंद स्वतःकडे ठेवायचं, जुनं पुसून नवं लिहायचं. पुरेशा यंत्रांना एकाच वेळी हादरा जाणवला तरच तळावरचा संगणक त्या मिनिटाभराची नोंद एकेकाकडून मागून घ्यायचा. एकट्याच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही, त्यामुळे खोटा हादरा नोंदवणाऱ्या यंत्रामुळे बाकीच्यांची बॅटरी जळत नव्हती. एकूण २२९ भूकंप, उद्रेक आणि तत्सम घटना टिपल्या गेल्या.

इथे काय बिघडलं ते बघा. डोंगरावरची यंत्रं राख, पाऊस, वीज अंगावर घेत उभी होती आणि एक मोठा प्रसंग वगळला तर ती सरासरी ९६ टक्क्यांहून जास्त वेळ चालू होती. तो प्रसंग सॉफ्टवेअरचा. नवा कोड रेडिओवरून पाठवताना एक सुप्त चूक जागी झाली आणि सगळं जाळं तीन दिवस आडवं पडलं. त्याशिवाय सर्वांत जास्त वेळ वाया गेला तो तळावरची वीज जाऊन, म्हणजे जिथे छप्पर होतं, माणसं होती, लॅपटॉप होता तिथे.

घड्याळांचाही गोंधळ झाला. हादरा कुठे सुरू झाला हे काढायचं तर कोणत्या यंत्राला तो किती आधी जाणवला हे मिलिसेकंदांच्या हिशेबात हवं. घड्याळं जुळवणारी पद्धत मधूनच भरकटत होती आणि काही नोंदींवर चुकीच्या वेळा पडल्या. वाचवलं ते एका स्वस्त सवयीने. यंत्रं आपल्या स्वतःच्या घड्याळाची वेळ आणि जाळ्याची सामायिक वेळ अधूनमधून जोडीने कळवत होती. नंतर प्रयोगशाळेत बसून त्या जोड्यांवरून प्रत्येक घड्याळाची चाल काढता आली आणि चुकलेल्या वेळा दुरुस्त करता आल्या. काही बाइटच्या त्या नोंदी नसत्या तर बराच डेटा फेकून द्यावा लागला असता.

या दोन्ही प्रयोगांनंतर माझं मत पक्कं झालं ते हे: शंभर यंत्रं बसवताना शंभरांना सारखीच लागू होणारी जी काही गोष्ट आहे, तिच्यावर सगळ्यांत जास्त काळजी खर्च करावी. कोड एकच असतो. गेटवे एकच असतो. सेल एकाच खोक्यातले, कवचावरचं रबरी सील एकाच कारखान्याचं. म्हणून नवा कोड आधी दोन-तीन यंत्रांना द्यावा, आठवडाभर चालू द्यावा, मग बाकीच्यांना. प्रत्येक यंत्रात मूळ, पारखलेली आवृत्ती कायमची राखून ठेवावी आणि काही वेळा लागोपाठ रिसेट झालं तर यंत्राने आपणहून तिच्याकडे परतावं. अडकलेल्या प्रोसेसरला रिसेट करणारा वॉचडॉग टायमर बहुतेक चिपमध्ये असतोच. पण रिसेटवर रिसेट होत राहिले तर तेही सेल खातं, म्हणून दोन रिसेटमधलं अंतर वाढवत नेणं जरुरीचं असतं.

पावसाळ्यातला सह्याद्री

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर दरड कोसळली. दीडशेहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर तेच झालं. डोंगरउताराच्या पोटातला पाण्याचा दाब, उताराचा कल आणि पाऊस सतत मोजता आला तर इशारा देता येतो. केरळमध्ये मुन्नारच्या अँथोनियार कॉलनीत अमृता विद्यापीठाने असं जाळं उभं करून दाखवलं आहे. तिथली कल्पना बॅटरीच्या दृष्टीने फार समंजस आहे. कोरड्या दिवसांत विरळ मोजायचं, पाऊस आणि पाण्याचा दाब वाढत जाईल तसं जास्त वेळा मोजायचं.

पण दरडीच्या जाळ्याला एक अवघड अट आहे. वर्षातले साडेतीनशे दिवस ते बंद पडलं तरी चालेल, पण ज्या रात्री लागेल ती रात्र सगळ्या बिघाडांचीही असते. आठवडाभर ऊन नाही म्हणून सौर पॅनलवर चार्जिंग नाही. ओल कवचात शिरलेली. विजा पडतायत. मोबाइलचा टॉवर बंद. आणि नेमकं तेव्हाच यंत्रांनी जास्त वेळा मोजायचं आणि बोलायचं आहे. सगळे बिघाड एकाच पावसातून येत असल्यामुळे ‘दोन्ही गेटवे एकदम कसे जातील’ हा दिलासा खोटा ठरतो.

साधा हिशेब करून बघा. गेटवे सरासरी २ वॉट खातो असं धरा. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॉट-तास असतात. लेड-अॅसिड बॅटरी असेल तर त्यातले निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. २४० वॉट-तास म्हणजे १२० तास, पाच दिवस. सह्याद्रीच्या माथ्यावर जुलैत सलग पाच दिवस ऊन न दिसणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणजे उन्हाळ्यात बसवून, तपासून, टाळ्या घेऊन आलेलं जाळं पहिल्या मोठ्या झडीतच मुकं होणार. उपाय दोनच: बॅटरी चौपट करा, किंवा गेटवेला झोपायला शिकवा, म्हणजे तो दर दहा मिनिटांनी थोडा वेळ उठेल आणि फक्त धोक्याचा संदेश आला तरच पूर्ण जागा होईल. मी दुसरा आधी करेन आणि मग पैसे उरले तर पहिलाही.

पर्जन्यमापकाचं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. दोन छोट्या वाट्यांची तराजूसारखी रचना असते. एक वाटी भरली की कलंडते आणि एक टिचकी नोंदली जाते. वरच्या नरसाळ्यात झाडाचं पान अडकलं की पाणी खाली उतरतच नाही. मुसळधार पावसात यंत्र सांगतं, पाऊस शून्य. यंत्र चालू आहे, बॅटरी भरलेली आहे, संदेश वेळेवर येतोय, अनुक्रमांकात खंड नाही. शून्य हा अशक्य आकडाही नाही, त्यामुळे कुठलीच साधी तपासणी त्याला पकडत नाही. त्याला पकडायचं तर थोड्या अंतरावर, शक्यतो वेगळ्या रचनेचा, दुसरा मापक हवा, आणि जमिनीतल्या पाण्याचा दाब चढतोय पण पाऊस शून्य, ही विसंगती ओळखणारी एक ओळ कोडमध्ये हवी.

मौनाचा अर्थही इथे उलटा लागतो. तीनपैकी दोघांनी धोका सांगितला तरच इशारा, असा नियम ठेवला आणि गप्प यंत्र ‘धोका नाही’ या बाजूला मोजलं, तर सर्वांत धोकादायक चूक होते. कारण यंत्र गप्प होण्याचं कारण त्याच्या पायाखालचा डोंगर सरकला हेही असू शकतं. शेजारशेजारची तीन यंत्रं एका मिनिटात गप्प झाली तर तो स्वतंत्र संकेत मानावा आणि माणसाला उठवावं. वीज पडूनही तसं होऊ शकतं, म्हणजे काही खोटे इशारे येतील. ते किती सोसायचे हे गावकऱ्यांशी बसून आधी ठरवावं लागतं. चार वेळा मध्यरात्री उगाच उठवलं तर पाचव्या वेळी कोण उठेल, हा प्रश्न सेन्सर निवडताना घ्यायचा आहे.

यंत्राने मरताना एक शेवटचा संदेश पाठवावा अशी सोय करता येते. सर्किटमध्ये एक मोठा कपॅसिटर ठेवायचा. सेलची जोडणी तुटली किंवा व्होल्टेज कोसळला की त्यात साठलेल्या विजेवर एक छोटा संदेश जातो: मी गेलो, शेवटचा कल इतका, वेळ अमुक. विजेच्या स्मार्ट मीटरमध्ये आणि फायबर इंटरनेटच्या घरगुती डब्यांत अशी सोय आधीपासून वापरली जाते. डोंगरावर तो संदेश शेजारचं कोणी जागं असेल तरच पोचेल, म्हणून शेजाऱ्यांची थोडा वेळ ऐकण्याची पाळी आधी ठरवलेली असावी लागते.

असं जाळं बसवण्याआधीच्या तपासणीत बहुतेक जण सगळं चालतंय ना एवढंच बघतात. मुद्दाम मोडून बघायला हवं. अर्धे उतरलेले सेल घालून रेडिओ सुरू करताना व्होल्टेज किती कोसळतो ते बघावं, कारण नव्या सेलवर नीट चालणारं यंत्र सहा महिन्यांनी नेमकं त्याच क्षणी रिसेट होऊ लागतं. एका सेन्सरची वायर काढावी, एकाला पाण्यात बुडवावं, पर्जन्यमापकात पान टाकावं. दोन यंत्रांना मुद्दाम जुना कोड द्यावा. गेटवे दोन दिवस बंद ठेवून पुन्हा चालू करावा आणि त्या दोन दिवसांचे आकडे यंत्रांनी जपून ठेवलेत का, आणि ते सगळे एकदम ओतताना जाळं गुदमरतं का, ते बघावं. हे सगळं झाल्यावर कागदावर एक ओळ लिहावी लागते आणि ती बहुतेक आराखड्यांत नसते: ऐन जुलैत गेटवे गप्प झाला तर डोंगर कोण चढणार, तो गावात नसेल तर दुसरं कोण, आणि त्यांच्या मजुरीचे पैसे कोणत्या खात्यातून निघणार.